फिटल्यावर राहायला जाऊ

कोरेगावचं आमचं घर कर्ज काढून बांधलं, नव्वदीच्या सुरुवातीला. राहायचो मात्र कोयनानगरच्या क्वार्टरमध्ये, कारण आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, नोकरी धरणावर. आईला तिथल्या भूकंपांची लय भीती. भुई हलून भांडी वाजली की हातातलं टाकून ती आम्हाला अंगणात ओढायची. तिचं हृदय नाजूक आहे, असले धसके नकोत, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आबांचं एकच पालुपद, "फिटल्यावर राहायला जाऊ. तोवर ते घर आपलं न्हाई." तिथं भाडेकरू ठेवला. कर्जाच्या घरात बुद्धवंदना करायची नाही म्हणजे नाही. असला हट्टी माणूस.

आबांच्या हिशेबानं शेवटचा हप्ता आला तेव्हा मी त्यांच्याबरोबर साताऱ्याला गेले. भाडेकरूनं घर सोडलं होतं, गृहप्रवेशाच्या वंदनेसाठी भन्तेजींना सांगून झालं होतं. आईनं भांडी पोत्यांत भरून ठेवली होती.

कर्जाच्या कचेरीतला साहेब म्हणाला, अजून चार वर्षं आहेत. मधे व्याजदर वाढले, म्हणून मुदत वाढवली.

"आवं, पण आमाला कळवलं न्हाई," आबा म्हणाले.

"दर बदलतील असं करारात आहे. हप्ता वाढवला का आम्ही? तुमच्या सोयीचंच केलं."

सोय म्हणे! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दर वाढवा, करारात आहे तर वाढवा. पण हप्ता वाढवायचा की वर्षं, हे ज्याच्या डोक्यावर कर्ज त्याला विचारायला नको? मी हे तोंडावर बोलले. आबा नुसतं म्हणाले, "इचारलं असतं, तर हप्ता वाढवून घेतला असता. पोटाला चिमटा काढला असता." साहेबानं पुढच्या माणसाला बोलावलं. आमची चार वर्षं परस्पर कुणीतरी ठरवून टाकली होती आणि हप्ता तोच राहिला म्हणून आम्ही निर्धास्त होतो.

घरी आल्यावर आबांनी आईला सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि पोत्याची गाठ सोडायला बसली. मी आबांना म्हटलं, कर्ज राहू द्या, आपण जाऊ या. आईनं त्यांच्याकडे बघितलं. पुढच्या महिन्यात नवा भाडेकरू आला.

आई दुसऱ्या वर्षी गेली, क्वार्टरमध्येच, भाकरी करता करता हृदय बंद पडून. त्या साहेबाचा मला अजून राग येतो. आबांचा त्याहून जास्त येतो, आणि त्यांची कीवही येते.

आबा म्हणाले, तिला कोरेगावला न्यायचं. साताऱ्यावरून आम्ही पोचलो तेव्हा भाडेकरूनं बाहेरची खोली मोकळी करून दिली होती. कर्ज तसंच होतं. आबा पुढं होऊन उंबऱ्यात उभे राहिले, तिच्याकडे वळले आणि म्हणाले, "ये आत. आपलंच हाय."