गंगाक्काच्या पंगतीत

गंगाक्का दळण न्यायला आली की आधी डब्याचं झाकण उघडायची, चिमूटभर पीठ जिभेवर ठेवायची आणि डोळे मिटून घ्यायची. गिरणीत पट्ट्याचा आवाज, सगळीकडं पीठ उडतंय, मागं चार बाया खोळंबलेल्या, पण ही बाई देवापुढं उभी राहावी तशी उभी. लातुरात चाळीस वर्षं मी गिरणी चालवली. कच्चं पीठ खाऊन बघणारं गिऱ्हाईक मला तेवढं एकच भेटलं.

पहिल्या दिवशी तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, "अण्णा, दगड तापलाय तुमचा. पीठ भाजून आलंय."

मी तिसरीपर्यंत शिकलेला माणूस, पण दगडातलं मला कुणी शिकवावं हे मी खपवून घेत नाही. म्हणालो, अर्धी गल्ली हेच पीठ खाते, कुणाची तक्रार नाही, पटत नसेल तर दुसरी गिरणी बघा. ती जागची हलली नाही.

"मोठी माणसं खातेत वो. कोरड्यासात, आमटीत बुडवून काय बी खातेत. लेकरं थुकतेत. उद्यापासून माझं दळण सकाळी पहिलं टाकत जावा, दगड गार असताना."

एवढा हुकूम सोडून ती डबा कमरेवर घेऊन गेली. ती गेल्यावर मी आजूबाजूला बघितलं आणि चिमूटभर पीठ जिभेवर ठेवलं. किंचित कडवट होतं. ही गोष्ट मी तिला शेवटपर्यंत सांगितली नाही. पण दुसऱ्या दिवसापासून तिचं दळण पहिलं टाकायला लागलो.

ती उदगीरकडची. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. माझ्या गिरणीच्या मागं पत्र्याच्या दोन खोल्या तिनं भाड्यानं घेतल्या होत्या आणि कामावर जाणाऱ्या बायांची पाच लेकरं ती दिवसभर सांभाळायची. बोलणं मराठी, पण अधूनमधून कानडी शब्द यायचा. लेकरू पुरे म्हणालं की ती विचारायची, "साकू?" लेकरू मान हलवून "साकू" म्हणालं की ती ताटली उचलायची. एक घास काऊचा नाही, एक घास चिऊचा नाही. शेजारच्या बाया म्हणायच्या, ही बाई लेकरांना उपाशी ठेवते. ती म्हणायची, "पोट त्याचं हाय. त्याला कळतंय. आपल्याला दम न्हाई."

तिच्या धपाट्यांसाठी लेकरं जीव टाकायची. ज्वारी, हरभऱ्याची डाळ, थोडे गहू असं ती माझ्याकडून जरा जाडसर दळून न्यायची. त्यात किसलेला भोपळा नाहीतर बारीक चिरलेली मेथी, ओवा, तीळ. तिखट अगदी नावाला. ओल्या फडक्यावर थापायची, तेही एकटी नाही. प्रत्येक लेकराला लिंबाएवढा गोळा द्यायची. ज्यानं त्यानं आपलं आपण थापायचं आणि मधोमध अंगठ्यानं भोक पाडायचं. कुणाचं त्रिकोणी, कुणाचं फाटकं. तव्यावरून उतरलं की ज्याचं त्यालाच. मी एकदा म्हणालो, भोपळा अजून बारीक किसा, म्हणजे लेकरांना दिसणार नाही. तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच चोरी केलीय.

"लपवून कामून घालू? एकदा घावलं की लेकरू माझ्या हातचं खाईल का फिरून?"

आता माझ्या घरचं सांगतो, कारण त्याशिवाय गंगाक्का कळायची नाही.

माझी बायको जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. मुलगा नांदेडला कामाला, आठवड्यातून एकदा घरी यायचा. सून रेखा लातुरातच एका दवाखान्यात नर्स. आणि त्यांची ओवी, तीन वर्षांची, दिवसभर माझ्याजवळ. ही पोरगी जेवायची नाही. दुधात बुडवलेलं बिस्कीट, तेवढंच. मी मोबाईलवर कार्टून लावून बघितलं, पोलीस येतो म्हणून बघितलं, घास घेऊन गिरणीभर तिच्यामागं पळून बघितलं. ती तोंड घट्ट मिटायची. डॉक्टर वजनाचा काटा बघून गप्प बसायचे, आणि ते गप्प बसणं मला शिवीसारखं लागायचं.

सुनेचं माहेर मुदखेडचं. विहीणबाई रोज फोनवर सांगायच्या, माझ्याकडं आणून सोड, आठ दिवसांत जेवायला लावते. शेवटी रेखा एका सकाळी मला म्हणाली, मामंजी, राखीला माहेरी जाईन तेव्हा ओवीला तिकडंच ठेवून येते, शाळेत जाईपर्यंत. तिचं काही चुकलं नव्हतं. पण रेखा ड्यूटीवर गेली की घरात मी आणि ती पोरगी, एवढीच राहायचो. ती गेली असती तर संध्याकाळी गिरणी बंद करून मी कुणाकडं जायचं होतं?

मी कुणाकडं मदत मागत नाही. रेखानंच ओवीला दुपारची गंगाक्काकडं पाठवायला सुरुवात केली. पोरगी तिथंही जेवली नाही. धपाटं थापायची, भोक पाडायची, आणि ताटलीत आलं की तसंच ठेवायची. अक्कानं तिला आग्रह केला नाही. मला वाटलं, झालं, हिचंही काही चालत नाही. खोटं कशाला सांगू, थोडं बरंही वाटलं.

मग एका रविवारी अक्का वाटी परत करायला घरी आली. मी जेवत होतो, शेजारी ओवी दूध-बिस्कीट घेऊन बसलेली. माझं जेवण झालं. नेहमीप्रमाणं ताटात चतकोर भाकरी आणि भाजी राहू दिली आणि डाव्या हाताच्या पालथ्या बाजूनं ताट पुढं सारलं, न बघता. ओवीनं वाटीत अर्धं बिस्कीट राहू दिलं आणि डाव्या हाताच्या पालथ्या बाजूनं वाटी पुढं सारली. तीही न बघता. अक्का दारात उभी राहून हे बघत होती. वाटी ओट्यावर ठेवून गेली.

दुसऱ्या दिवशी गिरणीत पीठ चाखून झाल्यावर म्हणाली, "अण्णा, उद्यापासून तुम्ही बी माझ्याकडं जेवायला या. लेकरांच्या पंगतीत."

मी हसलो.

"हसू नका. पोरगी जेवणं शिकलीच न्हाई. ती तुमच्याजवळ बसून ताट सारणं शिकलीय."

मला लई राग आला. तिचा डबा तसाच ठेवून मी पट्टा बंद केला.

राग यायचं कारण होतं. माझा बाप मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाल. आठ-नऊ वर्षांचा असताना एका व्यापाऱ्याच्या घरच्या लग्नात मी पंगतीला बसलो. तसं जेवण मी कधी बघितलं नव्हतं. ताट बोटानं निपटून निपटून साफ केलं. वाढणारा हसला आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाला, हमालाचं पोरगं ताट बी खाईल. पंगत हसली. बाप त्या पंगतीत माझ्या शेजारीच बसलेला होता. त्यानं मान वर केली नाही. त्या दिवशी मी ठरवलं, मोठा झालो की ताटात टाकून उठेन. गिरणी झाली, घर झालं, आणि पन्नास वर्षं मी चार घास टाकून उठलो. ते उरलेलं माझी बायको त्याच ताटात बसून खायची. मला ते माहीत होतं, आणि त्याचं मला काही वाटायचं नाही.

आठ दिवस मी अक्काशी बोललो नाही. तिचं दळण मात्र सकाळी पहिलंच टाकायचो. मग एका संध्याकाळी घरी आलो तर पलंगावर ओवीच्या फ्रॉकांच्या घड्या आणि शेजारी बॅग. राखीला पाच दिवस राहिले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी मी गिरणीला कुलूप लावून मागच्या खोलीत गेलो. अक्कानं बसायला एक बसकर टाकलं. पाच लेकरं, सहावी ओवी आणि सातवा मी. ताटलीसुद्धा मला लेकरांएवढीच.

भोपळ्याचं धपाटं, दही आणि मऊ वरणभात. भोपळा मी लहानपणापासून खात नाही. सगळी लेकरं माझ्या तोंडाकडं बघत होती. मी खाल्लं. पण शेवटी हात थांबला, चतकोर तुकडा तसाच राहिला. ओवीनंही दोन घास खाल्ले आणि थांबली. अक्का म्हणाली, "साकू? बरं." आणि दोन्ही ताटल्या उचलून नेल्या. मला फार लाज वाटली. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी मी ताटली पूर्ण संपवली. पण अक्काच्या पंगतीत तेवढ्यानं भागत नव्हतं. ती शिवाला मानणारी, त्यांच्यात काही घरांत अशी रीत की जेवण झालं की ताटातच पाणी घ्यायचं, बोटानं फिरवायचं आणि पिऊन टाकायचं. अन्न म्हणजे प्रसाद, त्याचा कण टाकायचा नाही. लेकरांना त्याचा खेळच झाला होता. आपलं ताट साफ झालं की आपल्या हातानं तांब्यातलं पाणी ओतायला मिळायचं, आणि तांब्या हातात घ्यायला सगळ्यांना पाहिजे. आमच्यात ही रीत नाही. आणि माझ्यासाठी तर ते त्या लग्नाच्या पंगतीत परत जाऊन बसणं होतं. मी ताटली घेऊन मोरीकडं जायला उठलो.

तेवढ्यात ओवीनं तांब्या उचलला. दोन्ही हातांनी, छातीशी धरून आली आणि माझ्या ताटलीत पाणी ओतलं. अर्धं माझ्या धोतरावर. मग समोर उभी राहून बघत राहिली, आबा काय करतात.

मी बोट फिरवलं. वरणाचा पिवळा रंग पाण्यात उतरला. ताटली तोंडाला लावली आणि पिऊन टाकलं.

ओवी तांब्या घेऊन स्वतःच्या ताटलीकडं गेली. तिच्यात अर्धं धपाटं होतं. पाणी कुठं ओतणार? तिनं थोडा विचार केला, तांब्या खाली ठेवला, बसली आणि ते धपाटं खाल्लं. सगळं. मग पाणी ओतलं. अक्का चुलीकडं तोंड करून बसली होती. ती वळलीसुद्धा नाही. फक्त एवढंच म्हणाली, "अण्णा, धोतर बदला. भिजलंय."

रेखा राखीला मुदखेडला गेली आणि ओवीला घेऊन परत आली. तिकडून विहीणबाईंचा मला फोन आला होता. पोरगी भाकरी मागून खाते हे खरं, पण चारचौघांत ताट धुऊन पिते, हे कुठलं वळण? मी म्हणालो, आमच्या घरचं.

अक्का आणखी चार वर्षं माझ्या गिरणीमागं राहिली. मग गुडघ्यांनी दगा दिला आणि भाचा तिला उदगीरला न्यायला आला. जायच्या दिवशी तिनं रिक्षा गिरणीपुढं थांबवली. दळायचं काही नव्हतं. दुसऱ्याच कुणाच्या तरी डब्यातलं चिमूटभर पीठ जिभेवर ठेवलं, डोळे मिटले. "गार हाय," म्हणाली, आणि गेली. मी तिला धन्यवाद असा शब्द कधी म्हणालो नाही. तो शब्द आमच्या बोलण्यातला नाही, आणि माझ्या स्वभावातलाही नाही. म्हणून हे लिहून ठेवतो आहे.

गेल्या हिवाळ्यात ती वारली. तिच्या दिवसांच्या जेवणाला मी आणि ओवी उदगीरला गेलो. ओवी आता आठ वर्षांची आहे. मोठी पंगत होती, सगळे दुकानदार, व्यापारी, पांढऱ्या कपड्यांतले. इतक्या वर्षांनी मी पुन्हा तशाच पंगतीत बसलो होतो. वाढलेलं सगळं खाल्लं. ताट बोटानं निपटलं. ओवीनं शेजारचा तांब्या ओढला आणि न विचारता माझ्या ताटात पाणी ओतलं, मग स्वतःच्या. दोघांनी बोट फिरवलं आणि पिऊन टाकलं.

समोरच्या म्हाताऱ्यानं ते बघितलं. हसला नाही. आपल्या ताटातलं पाणी पिऊन ताट खाली ठेवत विचारलं, "पाव्हणं, तुम्ही आमच्यातले का?"

"न्हाई," मी म्हणालो. "मी लातूरचा गिरणीवाला. अक्काच्या पंगतीतला."