अक्काचा रंग काही केल्या उजळेना

सुरुवातीलाच सांगते, भूतबाधा, दृष्ट, करणी यातलं मी काहीच मानत नाही. माझ्या दुकानाच्या दाराला लिंबू-मिरची आहे, पण ती घरमालकाने बांधलीय.

जळगावला माझा छोटासा स्टुडिओ आहे. फोटोवरून तैलचित्रं करते... वर्षश्राद्धाची, एकसष्टीची. आमच्याकडे चेहऱ्याची एक ठरलेली रीत आहे. गिऱ्हाईक कितीही सावळं असो, त्याच्या रंगात पांढरा जरा सढळ हाताने घालायचा.

मी स्वतः चांगली काळी आहे. म्हणूनच असेल, मोबाइलवर अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय चित्रकारांची चित्रं बघत बसते. त्यांनी आपल्या आयाबहिणी काळ्याभोर रंगवल्यात, निळी-जांभळी झाक देऊन, ऐटीत बसवून. ज्या रंगावरून माणसांना गुलाम केलं, तोच रंग भिंतभर! बघून ऊर भरून येतो... आणि मग मी ब्रश उचलते आणि समोरच्याला गोरं करते. धंदा आहे शेवटी.

मागच्या हिवाळ्यात पारोळ्याहून विलासभाऊचा फोन आला. विलासभाऊ माझा आतेभाऊ. त्याच्या आईची, म्हणजे माझ्या आत्याची पंच्याहत्तरी होती. तिला सगळे अक्का म्हणतात. अक्का माझ्याहून काळी. लग्नाच्या फोटोत फोटोवाल्याने तिला इतकं गोरं केलंय, की पाहुणे विचारतात ही कोण. भाऊने बजावलं, चेहरा उजळ काढ, चारचौघांत शोभला पाहिजे. त्याच संध्याकाळी अक्काचा फोन, तिच्या अहिराणीत.

"बेटा, एकदाव तरी माले मना रंगमा काढ."

मी पेचात पडले. भाऊ भारी तापट, कार्यक्रमात तमाशा नको, म्हणून शेवटी अक्काला गोरंच काढलं. चित्र झालं, कुलूप लावलं, जेवायला घरी गेले. परत येऊन बघते तर – चेहरा आणि हात काळेभोर. साडी जशीच्या तशी. नथीतला मोती त्याच पांढऱ्याने काढलेला, तो मात्र पांढराशुभ्रच. मी सगळं पुसून पुन्हा गोरं केलं. चहा पिऊन आले, पुन्हा तेच! वर गालावर जांभळी झाक, जी मी कालवलीच नव्हती. किल्ली माझ्याच पर्समध्ये. रंगवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, पांढरा वर्षानुवर्षांनी पिवळा पडेल, पण एका दुपारीत काळा होत नसतो.

घाबरायला हवं होतं. पण खरं सांगते, मला इतका आनंद झाला की एकटीच हसत बसले. वाळल्यावर तसंच कापडात गुंडाळून पारोळ्याला नेलं.

मंडपात सगळ्यांसमोर कापड काढलं. भाऊ माझ्याकडे असा बघत होता, की मी चपला कुठे काढल्यात ते आठवू लागले. अक्का मात्र उठून चित्राजवळ गेली. चेहरा नीट न्याहाळला. मग घरात जाऊन लग्नाचा तो फोटो काढून आणला आणि भाऊच्या हातात दिला.

"हाई बाई कोन शे माले माहित नही. तिले तिना घर पोचाडी दे."

आधी बायका हसल्या, मग सगळा मंडप. शेवटी भाऊसुद्धा हसला, आणि हसता हसता डोळे पुसू लागला. त्यानेच स्टूल आणून अक्काचं चित्र भिंतीवर लावलं.

ते कसं झालं, मला आजही सांगता येत नाही. पुन्हा तसं होतं का, हे तपासायलाही आता वाव नाही... कारण त्या दिवसापासून चेहऱ्यात जास्तीचा पांढरा मी घातलेलाच नाही.