मांडवाखालचा वाल

सरकारने आमच्या बाबाची चौकशी लावली ती नेमकी माझ्या हळदीच्या दिवशी. हा माणूस शेतकरी आहे की नाही म्हणे! मुहूर्त काढावा तर असा.

टिटवाळ्याच्या पलीकडे आमचं गाव. भाऊबंदांनी जमिनी विकून बंगले बांधले, बाबानेही बांधला. पण एक तुकडा ठेवला. पावसाळ्यात भात, थंडीत वाल. त्या तुकड्यावर त्याला सरकारचा शेतकरी हप्ता यायचा. चहूबाजूंनी टॉवर उभे राहिले आणि हप्ता थांबला. कोणीतरी येऊन उभं पीक बघणार, फोटो काढणार, तरच नाव राहणार. बाबाला घास गोड लागेना. "नाव कापलं त?" दिवसभर हेच.

आणि हाच माणूस हट्टाला पेटला, पोरीची हळद हॉलवर नाय, आपल्या जाग्यावर! झालं. अर्ध्या वालावर मांडव, गालिचा, डीजे. अर्धा वाल तपासणीसाठी राखलेला, तो माझ्या चुलतभावांनी आदल्या संध्याकाळी पोपटीत घातला. पोपटी म्हणजे मडक्यात कोंबडी, अंडी, वालाच्या शेंगा आणि भांबुर्ड्याचा पाला, मडकं उपडं आणि वरून जाळ. शेंगा तोडत कोण बसतो? मेल्यांनी वेलच मुळासकट उपटले. पण चव काय लागली, अहाहा!

दुसऱ्या दिवशी मी हळदीने पिवळीधमक बसलेली, आणि मांडवात कृषी खात्याच्या मॅडम हजर.

"काका, पीक कुठंय?"

"पोटात," माझा एक भाऊ बोलला. बाबाने त्याच्याकडे असं बघितलं की तो थेट जनरेटरमागे पळाला. आईने उरलेल्या शेंगा ताटलीत घालून मॅडमपुढे धरल्या. पुरावा! मॅडमनी खाल्ल्या, छान म्हणाल्या, पण फोटो उभ्या पिकाचाच लागेल म्हणाल्या.

हसून हसून माझं पोट दुखायला लागलं. मग बाबाचं तोंड दिसलं आणि माझं हसूच पळालं.

"मॅडम, थांबा! गालिच्याखाली आहे!" मी ओरडले.

डीजे बंद. अख्खी हळद कामाला लागली. मामांनी स्पीकर सरकवले, करवल्यांनी खुर्च्या उचलल्या, नाचणाऱ्या पोरांनी गालिचा गुंडाळला. खाली वाल होता! चपटा, मलूल, पण मुळं मातीत. बायकांनी एकेक वेल हाताने उभा धरला. मॅडमना हसू आवरेना. "बसा काका पिकात." बाबा नव्याकोऱ्या झब्ब्यासकट मातीत बसला. फोटो निघाला.

मॅडम गेल्यावर मी त्याला चिडवलं, "बाबा, बंगल्याचा मालक तू, आणि एवढ्याशा हप्त्यासाठी माझी हळद थांबवलीस?"

"पैशाचं नाय गो," तो बोलला. "जमीन इकली तवा सगली बोलली, शेठ झालास. मना कोनी इचारलंच नाय, शेठ व्हायचंय का."

मी हळदीच्या हातांनी त्याला मिठी मारली, झब्ब्याची उरलीसुरली वाट लावली.

लग्नानंतर डोंबिवलीला सासरी एका दुपारी त्याचा फोन आला. एवढा ओरडत होता की स्वयंपाकघरातून सासूबाई धावत आल्या. "आला गो, हप्ता आला!"

"काय करणार त्याचं?"

"बियानं आननार," बाबा बोलला. "शेतकरी दुसरं काय करतो?"