मागच्या सीटवरून औंढा

हिंगोलीतून निघताना आमच्या ह्यांनी बटन दाबलं आणि गल्लीतली माणसं ओट्यावर आली. जुन्या घाटाची नवी मोटारसायकल. गोल दिवा, फुगीर टाकी, एकच जाडजूड सिलिंडर आणि पिठाच्या गिरणीसारखा आवाज. हिच्या बदल्यात शोरूमला माझी स्कूटर गेली, मला न विचारता. त्या स्कूटरवर मी दर बुधवारी पुसेगावला शिवणक्लास घ्यायला जायची. आता कशी जाऊ, असं विचारलं तर म्हणाले, "अगं, मी सोडत जाईन ना." ह्या माणसानं मला आजवर एकदाही वेळेवर सोडलेलं नाही.

मग मीच चालवते म्हटलं. लग्नाआधी कळमनुरीत बाबांची गिअरची गाडी मी पिटाळायची. तर म्हणे, "ही दोनशे किलोची आहे, तुला झेपायची नाही." मी त्यांच्यापेक्षा बोटभर उंच आहे. लग्नाच्या फोटोपासून त्यांना ते खटकतं.

गाडीच्या पूजेला औंढा नागनाथ ठरलं. मागचं सीट तळहाताएवढं, त्यावर मी. साठपर्यंत गाडी गुमान चालते, चढाला गिअर न पाडता ओढते, हे कबूल. "टॉर्क बघ, टॉर्क," हे पुढून ओरडत होते. ऐंशीला काटा गेला की पाय ठेवायच्या दांड्या झिणझिणतात आणि आरशातल्या एका ट्रकचे दोन होतात. ब्रेक फार चांगले. लागले की मी ह्यांच्या पाठीवर. दोन्ही बाजूंना हळदीची पानं पिवळी पडत आली होती, पण मला नीट दिसलं ते फक्त ह्यांचं हेल्मेट.

औंढ्यात ह्यांनी गाडी उताराला तोंड करून, थेट एका हारवालीच्या टेबलाला भिडवून लावली. हँडलला हार, चाकाखाली लिंबू, नारळ, सगळं झालं. देवळात खालच्या गाभाऱ्यात वाकून उतरताना माझ्या कंबरेनं गाडीचा हिशोब मागितला. वर येऊन मिरचीची भजी खाल्ली, तेवढाच प्रवासातला आनंद.

निघायची वेळ झाली आणि गाडी मागं येईना. ह्यांनी बसून पाय रेटले, दात चावले. हारवाली जवळच्या तांड्यावरची (बंजारा वस्तीतली). ती हार ओवता ओवता बघत होती.

"भाऊ, मागं येत न्हाई व्हय ही?"

"जड आहे जरा."

"मंग उताराला काहून (का) लावली?"

ह्यांनी डावीकडे उतरून हँडल ओढलं, तशी गाडी त्यांच्याच अंगावर कलली. लोखंडी गार्डनं टाकी वाचवली, ह्यांचा डावा पाय नाही. तिघांनी मिळून ती उभी केली. "पडली नाही, टेकली," असं हे बूट काढून सगळ्यांना सांगत होते. घोटा सुजला होता, आणि गिअर डाव्या पायात. मित्राला बोलावतो म्हणून त्यांनी फोन काढला.

हारवालीनं मला विचारलं, "ताई, तुमाला येत न्हाई का चालवायला?"

"येते की."

"मंग हे फोन काहून करून राहिले?"

मी हात पुढं केला. ह्यांनी चावी दिली, पण देताना माझ्याकडे बघितलं नाही.

लोकांनी गाडी वळवून दिली. क्लच दगडासारखा. दोनदा बंद पडली आणि मागून दोनदा "हळू, हळू" आलं. तिसऱ्यांदा निघाली. एकदा चाक फिरलं की ते दोनशे किलो कुठे जातात कोण जाणे. ते फक्त उभं राहताना असतात. मी पन्नासच्या वर गेले नाही आणि हळद मला पार हिंगोलीपर्यंत दिसली.

घरी हे कंबर धरून उतरले. "मागचं सीट बदलायला हवं, फार कडक आहे."

गाडी मला अजूनही आवडलेली नाही. मिरवायचं यंत्र आहे ते, कामाचं नाही. माझी स्कूटर तिच्यापेक्षा शंभर पटीनं शहाणी होती. तरी मी चावी स्कूटरच्या चावीच्या खिळ्याला अडकवली आणि बुधवारी हीच पुसेगावला नेणार म्हणून सांगितलं.

"आणि मी दुकानात कसा जाऊ?"

"अहो," मी म्हटलं, "मी सोडत जाईन ना."