चौथ्या चाकाची हवा

त्या संध्याकाळी आम्ही दोघं नवरा-बायको गाडीच्या ब्रेकमधली हवा काढत होतो. ती सीटवर बसून पॅडल दाबायची, मी चाकाजवळ आडवा. चाळीस वर्षं असंच चाललं. मी म्हणायचो "दाब", ती म्हणायची "दाबलं". मग मी चाकामागचं हवा सोडायचं निपल उघडायचो, नळीतून तेल आणि बुडबुडे बाटलीत यायचे. निपल आवळलं की म्हणायचो "सोड". तोवर पाय उचलायचा नाही. उचलला तर हवा परत आत जाते आणि सगळं पहिल्यापासून. मी शिकलो चौथीपर्यंत, पण हे मला येतं. आणि तिलाही येत होतं.

गाडी जुनी, छोटी. एरवी आमच्या वटार गावाहून बाजारात केळी न्यायची, आणि वर्षातून दोन-तीनदा मी ती लांबच्या रेसच्या ट्रॅकवर पळवायचो. म्हातारपणी लागलेलं खूळ. वळणावर गाडी कलते म्हणून कडक स्प्रिंग आणि नवे शॉकअप टाकले, तेव्हापासून बायको बडबडायची, "यात बसून गासला माहेरी गेले तर कंबर वाटेतच राहील, मी तेवढी पोचेन."

मी म्हणायचो, "रस्ता खराब आहे, गाडी नाही."

आता ब्रेकच्या मोठ्या डिस्क आणि नवे कॅलिपर बसवले होते. तीन चाकं झाली. ड्रायव्हरच्या बाजूचं पुढचं राहिलं.

ती म्हणाली, "जरा थांबा हो. छातीत जळजळतंय. दुपारचे वाल बाधले वाटतं. पाणी पिऊन येते."

"एकच चाक राहिलंय. मग पी काय प्यायचं ते."

"तुमचं एकच चाक! लग्न झाल्यापासून ऐकतेय."

"दाब."

"दाबलं."

निपल उघडलं. तेल आलं, आणि लगेच नळीतला बुडबुडा उलटा आत गेला.

"अगं, सोडलंस का? धर म्हटलं ना! चाळीस वर्षांत एवढं कळलं नाही तुला?"

मला वाटलं, रुसली. रुसली की ती बोलत नसे. मग मी तरी कशाला बोलू? पाना हातात धरून तसाच पडून राहिलो. किती वेळ, ते देवाला माहीत. उठून पाहिलं तर तिचं कपाळ स्टेअरिंगला टेकलेलं.

गाडी स्टँडवर, चाकं काढलेली. ट्रॅकवर पळणारी गाडी अंगणात, आणि बायकोला न्यायला शेजाऱ्याची रिक्षा. खड्ड्याखड्ड्याला तिचं डोकं माझ्या मांडीवर हलत होतं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, वाटेतच गेली. मी विचारलं, लवकर आणली असती तर? ते म्हणाले, सांगता येत नाही. खोटं बोलले असते तरी चाललं असतं.

सकाळी तिला ओटीवर ठेवली होती. गासहून तिचा भाऊ यायचा म्हणून लोक थांबले होते. मी अंगणात गेलो. निपल उघडंच राहिलं होतं. तेल रात्रभर गळून फरशीवर पसरलेलं, ब्रेक-तेलाची वरची डबी कोरडी. तिला नको ते बोललो आणि उघडं मीच ठेवून गेलो.

शेजारी म्हणाला, "काका, आज कशाला? राहू दे. मी बघतो नंतर."

"उघडं आहे रे," म्हटलं, आणि निपल आवळलं.

मग तिच्या जागेवर जाऊन बसलो. सीट तिच्या मापानं पुढे ओढलेली, माझे गुडघे डॅशबोर्डला लागले. मागे सरकवली नाही. पॅडल दाबलं. ते सरळ खालपर्यंत गेलं, पायाला काहीच लागलं नाही. सगळीकडे हवा. मी ते दाबून धरलं. तोंडातून आलं, "दाबलं."

थोड्या वेळानं तिचा भाऊ आला. ओटीवर रडणं सुरू झालं. तेव्हा पाय उचलला, हातांचं तेल साबणानं धुतलं आणि तिच्याजवळ गेलो.