याकूबभाईंच्या कॅमेऱ्यातली दुबई

अष्टमीच्या याकूबभाईंनी जन्मभर लग्नांचे फोटो काढले. रोह्यापासून पेणपर्यंतच्या मांडवांत त्यांचा एकच हुकूम चाले, "रडून घे पोरी, मग बघ इकडं!" नव्याण्णव साली त्यांच्या मेव्हण्यानं, रमीजनं, दुबईहून डिजिटल कॅमेरा पाठवला आणि पेणच्या एका संस्थेनं त्यांना बांधावर बोलावलं.

उधाणानं खाडीचे बांध ठिकठिकाणी फुटले होते. अशा फुटलेल्या जागेला इकडं खांड म्हणतात. भाईंनी खांडींचे फोटो काढायचे आणि गळ्यात जीपीएस यंत्र अडकवून हिंडायचं. आपण कधी, कुठं होतो ते यंत्र टिपून ठेवतं. फोटोची वेळ त्याच्याशी जुळवली की फोटो नकाशावर आपल्या जागी बसतो. दुसऱ्या दिवशी सकाळी नकाशा सरकारी हपिसात जाणार होता. ज्याची खांड नकाशावर, त्याच्याकडं अमावास्येच्या उधाणाआधी माती.

संध्याकाळी संस्थेतली मृणाली संगणकासमोर बसली. उंबऱ्यात खाडीकाठची शेतकरीण सगुणाबाई, तिची खांड नकाशावर लागते का ते बघायला.

"भाई, ही खांड अष्टमीला चहाच्या टपरीवर पडलीय."

"काय सांगतेस!"

"आणि ही नागोठण्यापाशी. धावत्या गाडीत."

"आन माजी?" सगुणाबाई उठलीच.

"तुमची... शेजारच्या गावात. तिथला बांध तर धड आहे."

"म्हंजे माती बी तितंच जायाची! भात तर कुजलाच गो, आता उधाण पुन्यांदा आत शिरला तर पुढल्या सालाला बी काय पिकायचा नाय. भाई, लग्नात नवरा तरी बरोबर टिपता ना?"

परत फिरून फोटो काढायला वेळच नव्हता. मग भाईंना आठवलं.

"निघताना यंत्राचाच एक फोटो काढायला लावलेलास, तो बघ."

तो खांडीचा नव्हता, म्हणून मृणालीनं बाजूला टाकला होता. तिनं उघडला. यंत्रावर साडेसात. फोटोच्या कोपऱ्यात, कॅमेऱ्याच्या घड्याळात, सहा.

भाईंनी कपाळावर हात मारला. "दुबई!"

"कोण दुबई?"

"अगं, कॅमेरा अजून दुबईच्या वेळेवर हाय. बायको, फरझाना, बदलूच देत नाय. म्हणते, माझ्या रमीजनं लावलेली वेळ ती, ऱ्हाऊ दे. कॅमेरा बघितला की कळतं, तो आता ड्युटीवरून आला असंल."

मृणाली हसत सुटली. तिनं सगळे फोटो दीड तासानं पुढं सरकवले. टपरीवरची खांड उठून बांधावर गेली, गाडीतली खाली उतरली. सगुणाबाईनं पडद्याला नाकच लावलं.

"हीच! हीच माजी. भाई, जीव कसा भांड्यात पडला बघा! बायकोला सांगा, घड्याळ ऱ्हाऊ दे. पन बांधावर येताना मेव्हण्याला दुबईतच ठेवून या."

रात्री फरझानानं दारातच विचारलं, "वेळ बदललीत?"

"नाय. दीड तास धरून चालतो म्हणालो."

तिनं कॅमेरा कपाटात ठेवला. ठेवताना त्याच्या पडद्याच्या कोपऱ्यातली वेळ बघितली. "जेवत असंल आता," म्हणाली.

सगुणाबाईच्या खांडीवर माती वेळेत पडली. अमावास्येला पाणी नव्या मातीला टेकलं, थोडा वेळ थांबलं आणि मुकाट्यानं खाडीत माघारी गेलं.