शकुनला अडवायचं कसं

एका पोरीला अडवण्यासाठी सात जणी आणि एक वयाने मोठा माणूस कुठवर जाऊ शकतात, सांगता येईल तुम्हाला? मला तेव्हा सांगता आलं नसतं.

आम्ही कबड्डीच्या जुन्या मैत्रिणी लग्नकार्यात भेटलो की एकीला एक किस्सा आठवतो, दुसरी त्यात दुरुस्ती करते, आणि त्या दुरुस्तीतून तिसरा निघतो. इतक्या वर्षांत ते किस्से आटायला हवे होते, पण कापून रचलेल्या धानाच्या पुंजण्यासारखे वाढतच गेले. त्यातले बहुतेक तुमसरच्या टीममधल्या शकुनचे.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. दिघोरीत मॅट्रिक होऊन घरी बसलेल्या आम्हा मुलींची टीम होती. ती माझ्या गोमाजीकाकांनी काढली. त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, आणि तरुणपणी ते स्वतः खेळलेले. मी डावा कोपरा सांभाळत असे. मुलींसोबत घरचा कुणी पुरुष हवा म्हणून माझा मोठा भाऊ यायचा. दादा पाण्याच्या बादलीजवळ बसून राहायचा. आम्ही जिंकलो तरी टाळी वाजवायचा नाही.

पहिल्याच सामन्यात शकुनने एका चढाईत आमच्या चौघी मारल्या. गावातल्या मोठ्या माणसांनी काकांना सांगून टाकलं, की तीन वर्षं पाहू. तेवढ्या काळात तुमसरला हरवलं तर टीम राहील, नाहीतर पोरी आपापल्या घरी. म्हणजे आमचं सगळं खेळणं त्या एका शकुनवर येऊन थांबलं.

*

काकांचा पहिला उपाय साखळी. सगळ्यांनी हात धरून रांगेत राहायचं, ती आत शिरेल तसं मागे सरकायचं, आणि ती दमली की घेरायचं.

आम्हाला हे फार सोपं वाटलं. रोवण्याच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या दिवसांत आम्ही दुसरं काय करायचो? बांधीतल्या चिखलात ओळीने वाकायचं, धानाचे पऱ्हे लावत लावत मागे सरकायचं. मागे बघावं लागत नाही. बांधी संपली की धुरा, म्हणजे तिचा बांध, टाचेला लागतोच.

शकुन आली, आम्ही सरकलो. ती आणखी आली, आम्ही आणखी सरकलो. रांग इतकी सरळ, की बघणाऱ्या बायकांनी कौतुक केलं. मैदानाला धुरा नसतो, हे एकीलाही आठवलं नाही. शिट्टी वाजली तेव्हा सातही जणी मागच्या चुन्याच्या रेघेबाहेर उभ्या होतो. शकुनने कुणाला बोटसुद्धा लावलं नव्हतं. सगळ्या बाद, वर लोण!

काका कमरेवर हात ठेवून म्हणाले, "झाला काय रोवणा?"

*

दुसऱ्या वर्षी काकांनी सावली काढली. कौशल्या आमची कॅप्टन, अंगाने दणकट. तिने बाकी कुणाकडे पाहायचंच नाही, सकाळपासून शकुनच्या मागे राहायचं. शकुन घाबरली पाहिजे.

कौशल्या शब्दाची पक्की. शकुन नळावर गेली, ही नळावर. शकुन जेवायला बसली, ही समोर उभी. दुपारी परत आली ती वेणीत नवी रिबीन घालून.

"काहून गं, घाबरली काय थे?" काकांनी विचारलं.

"नाही काका. मले म्हणे, सकाळपासून उभी आहेस, जेवून घे. वांग्याची भाजी लय चांगली होती."

त्या सामन्यात कौशल्याने शकुनला एकदाही धरलं नाही. जिचं जेवलो तिचा पाय कसा ओढायचा, म्हणाली.

*

त्याच सामन्यात मध्यंतराला काकांनी मला बाजूला घेतलं. चढाई करणारीला "कबड्डी, कबड्डी" एका दमात म्हणावं लागतं, दम तुटला की ती बाद. तेव्हा शकुन माझ्या कोपऱ्यात आली की मी हळूच सांगायचं, तुला पाहायला घरी पाहुणे आलेत. माझा चेहरा भोळा आहे, तिला खरं वाटेल.

कुणाच्या लग्नावरून असं खोटं बोलायचं?

ती आली. माझ्या तोंडून निघालं, "तुझी वेणी सुटली."

खरंच सुटली होती. तिने एका हाताने वेणी धरली, दुसऱ्या हाताने मला शिवलं, आणि दम न तोडता परत गेली. पंचांनी ताकीद दिली ती मला.

"खोटं बोलता येत नाही ना तुले?" काका म्हणाले. "पाहतो मंग."

*

तरी शेवटी शेवटी मी तिचा घोटा धरला. तीन वर्षांत एकदाच. कौशल्या सोडून बाकीच्या पाच जणी धावल्या आणि तिच्या अंगावर पडल्या. आता सुटत नाही म्हणून मी डोळे मिटले.

त्या ढिगाखालून तिचा एक हात बाहेर आला, लांब होत गेला, आणि मधल्या रेघेला टेकला. सहाही बाद!

उठल्यावर तिने मलाच विचारलं, "हात दुखला काय?"

बादलीजवळ दादा उठून उभा राहिला होता. मला वाटलं, माझ्या काळजीने.

*

तिसऱ्या वर्षी शेवटचा सामना तुमसरलाच होता. आदल्या दिवशी दुपारी धर्मशाळेत काकांनी मला चांगली साडी नेसायला आणि दादाला धुतलेला शर्ट घालायला सांगितलं. कुठे जायचं ते रस्त्यात कळलं. शकुनच्या घरी, दादासाठी तिला पाहायला.

"आता तर खरेच पाहुणे हाओत आपण," काका मला म्हणाले.

दादा शर्टाची कॉलर सरळ करत पुढे चालत राहिला.

शकुनचे बाबा राइस मिलमध्ये कामाला होते. साधा, भला माणूस. त्यांनी आम्हाला मानाने बसवलं. शकुन पोहे घेऊन आली. मला पाहून क्षणभर थांबली, मग बशी माझ्या हातात दिली. मी मान वर केली नाही.

काकांनी दोन बशा पोहे खाल्ले आणि पोरगी पसंत असल्याचं सांगितलं. फक्त आमच्या घरच्या सुना मैदानात उतरत नाहीत, तेव्हा उद्यापासून तिला घरीच ठेवा. मुलीचे वडील ते, त्यांनी हळूहळू मान डोलावली. शकुनने पदराचं टोक मुठीत धरलं. उद्या ती नसली की आम्ही जिंकणार, टीम राहणार, हे मला कळत होतं. म्हणूनच तोंड उघडलं नाही, आणि त्याची लाज अजून जात नाही.

मुलाला काही विचारायचं आहे का, असं तिच्या बाबांनी रीतीप्रमाणे विचारलं. दादा मोठ्यांपुढे कधी बोलत नसे.

तो शकुनला म्हणाला, "तुम्ही दरवेळी त्यांच्या डाव्याच बाजूनं काहून शिरता?"

काकांचा चहा बशीत सांडला.

शकुनने पहिल्यांदा वर पाहिलं. आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे.

"डावा कोपरा कच्चा आहे त्यांचा," ती म्हणाली.

तिचे बाबा काकांकडे बघत राहिले, मग दादाकडे. मग त्यांनी पानाचं तबक पुढे ओढलं आणि काकांना ओलांडून पहिली सुपारी दादाला दिली. आम्ही उठलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा धर्मशाळेत नव्हता. आठ वाजता शकुन खेळायला मैदानावर आली. सोबत तिचे बाबा होते, आणि त्यांच्या मागे, दोन्ही हातांत तिच्या चपला धरून, दादा.